धुण्याचे फडताळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात महिला शाखेच्या सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त या सभागृहात गेले काही महिने जी व्याख्याने झाली, त्यांचे विषय आपणा सर्वांच्या स्मरणात असतील. संतवाङ्मयावर आपण ऐकले, मराठी रंगभूमीवर ऐकले, महाराष्ट्र आणि बंगाल यांच्या ऋणानुबंधांविषयीही ऐकले. त्या मालिकेत माझा विषय ‘धुण्याचे फडताळ’ हा आहे. आपल्या चिटणिसांना मी तो दूरध्वनीवर सांगितला, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘ताई, विषय नीट ऐकू आला नाही. पुन्हा सांगता का?’’ मी पुन्हा सांगितला. त्यांनी तो निमूटपणे लिहून घेतला. त्यांच्या या सौजन्याबद्दल मी प्रथम त्यांचे आभार मानते.

मी विदुषी नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळ या कोलकाता शहरात संसार केला, एवढाच माझा अधिकार. हा विषय मी निवडला त्याला एक कारण आहे आणि ते थोडे अडचणीचे आहे. मला आज आपल्यापुढे एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावाचून पुढचे काही सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आपल्यापैकी जुन्या सभासदांना आठवत असेल की, मंडळाच्या गणेशोत्सवात मखरामागे कितीतरी वर्षे एक डाळिंबी रंगाचा शालू लावला जात असे. मंडळ अगदी नवे असताना, सजावटीला पैसे नव्हते म्हणून, आपल्यातल्या एका काकूंनी स्वतःच्या लग्नातला तो शालू आणून दिला होता. काकू आज या सभेत पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना आपले नाव घेतलेले आवडणार नाही, म्हणून घेत नाही. अनंतचतुर्दशीनंतर तो शालू कोणातरी एका घरी सांभाळावयास जात असे. २०१७ साली तो मान माझ्याकडे आला. मी तो एका प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीचे तोंड घट्ट बांधले आणि धुण्याच्या फडताळातल्या सर्वांत वरच्या फळीवर, अगदी भिंतीला टेकवून ठेवून दिला. हेतू चांगला होता. धूळ लागू नये, कोणाचा हात लागू नये. पुढल्या वर्षी उत्सवाच्या आठ दिवस आधी पिशवी सोडली, तेव्हा आधी कुबट वास आला. मग पदरावर काळ्या ठिपक्यांची जाळी दिसली. जर काळवंडली होती आणि घडीच्या रेषेवर रेशीम बोट लावताच फाटत होते.

मी समितीला सांगितले, ‘‘शालू फार जुना झाला आहे, यंदा नवे कापड घेऊ.’’ ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. नवे कापड आले, उत्सव पार पडला, आणि पुढली चार वर्षे काकू भेटल्या की मी विषय बदलत राहिले.

२०२२ च्या हिवाळ्यात एकदा काकूंना मी सगळे सांगून टाकले. त्या रागावतील, निदान डोळ्यांत पाणी आणतील, असे मला वाटले होते. त्यांनी विचारले, ‘‘कुठं ठेवला होतास?’’ मी सांगितले. म्हणाल्या, ‘‘चल, दाखव.’’ काठी टेकत त्या माझ्या घरी आल्या, फडताळाचे दार उघडून आत डोकावल्या आणि बराच वेळ पाहून त्यांनी मला एकच प्रश्न केला, ‘‘अगं, इथं वारा कुठून येतो?’’

मला उत्तर देता आले नाही, कारण वारा कोठूनही येत नव्हता. त्या एका प्रश्नाने माझ्या फडताळाची फेररचना झाली. तिची हकीकत आज सांगावयाची आहे. तीत काही उपयोगी पडले तर आपण उचलावे.

प्रथम फडताळ म्हणजे काय ते सांगते. आमच्या सदनिकेत न्हाणीघराला लागून भिंतीत एक पोकळी आहे. रुंदी तीन फूट, खोली अडीच फूट, उंची सुमारे सात फूट. खाली कपडे धुण्याचे यंत्र, वर तीन फळ्या, पुढे प्लायवुडचे घट्ट बसणारे दार. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी एखादी जागा असेल. कोणाकडे ती बाल्कनीच्या कोपऱ्यात असेल, कोणाकडे जिन्याखाली. घरातली ही जागा पाहुण्यांना दाखवावयाची नसते. त्यामुळे जे कोठेच मावत नाही ते तेथे जाते.

मी मूळची सोलापूरची. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी वलणीवर टाकलेले लुगडे स्वयंपाक होईतो वाळून कडकडीत होई. तिथला कपड्यांचा शत्रू म्हणजे धूळ. म्हणून आईने शिकवले ते असे की, कपडा बांधून ठेवावा, ट्रंक घट्ट लावावी, फडताळाचे दार कधी उघडे टाकू नये. ती शिकवण मी माझ्या रुखवताबरोबर येथे घेऊन आले आणि कधी तपासून पाहिली नाही. कोलकात्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता सरासरी ऐंशी टक्क्यांच्याही वर असते. आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या पुढे बराच काळ राहिली की कापडावर बुरशी धरू लागते. म्हणजे सोलापुरात जे घट्ट दार कपड्याचे रक्षण करीत होते, तेच येथे ओल आत कोंडून ठेवीत होते. शालू माझ्या निष्काळजीपणाने गेला असे मी चार वर्षे समजत होते. खरे म्हणजे तो मी घेतलेल्या काळजीनेच गेला. ती काळजी दुसऱ्या प्रदेशाची होती.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते. खर्चाची मर्यादा मी पंधराशे रुपयांची ठरविली होती. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात तेवढे सहज निघण्यासारखे होते.

पहिले काम पैशाशिवायचे. फडताळ पूर्ण रिकामे केले. थोडे थोडे आवरू नये, असा माझा अनुभव आहे. एका फळीवरचे दुसऱ्या फळीवर जाते आणि आवरल्याचे समाधान तेवढे मिळते. सगळे बाहेर काढून एका जुन्या चादरीवर मांडले. काय काय निघाले म्हणून सांगू! साबणाच्या, निळीच्या, डाग काढण्याच्या, सुगंधाच्या मिळून अकरा बाटल्या आणि डबे, त्यांतले सात अर्धवट. एका पायाचे मोजे नऊ. मुलाच्या शाळेचा गणवेश. मुलगा आता चाळिशीला आला आहे. दोन बिघडलेल्या इस्त्र्या. आणि तळाशी, यंत्राच्या मागे, नळाच्या सांध्यातून थेंब थेंब ठिबकून झालेला हिरवट डाग.

या अकरा बाटल्या पाहून मला हसू आले. याच शहराच्या बंदरात १८८८ साली सनलाइट साबणाच्या वड्यांची खोकी उतरली होती. १९५९ मध्ये सर्फची पूड बाजारात आली आणि १९६९ मध्ये गुजरातेत निरमाची सुरुवात झाली. आमच्या आईच्या काळी एक साबणाची वडी, धुण्याचा सोडा, रेशमासाठी रिठे आणि पांढऱ्यासाठी नीळ एवढ्यात घराचे धुणे होई. मी प्रत्येक जाहिरातीला मान दिला होता. आता आमच्याकडे एक पूड, एक वडी, रिठे आणि नीळ एवढेच आहे. कपडे पूर्वीइतकेच स्वच्छ निघतात. पूड कमी घालू लागल्यापासून तर खळबळताना पाणीही कमी लागते, कारण जास्त पूड कपड्यात राहते आणि तो कपडा लवकर मळतो.

नको असलेले कपडे कोणाला द्यावेत, असा प्रश्न पडतो. आपल्याकडे बोहारीण येत असे. येथेही जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बायका दारावर येतात, हे आपण पाहिले असेल. मला त्या व्यवहारात एक पातेले मिळाले. घासाघीस मात्र बंगालीत करावी लागली, आणि त्या परीक्षेत मी नापास झाले असे यजमानांचे मत आहे.

दुसरे काम ओलीचे. ठिबकणारा सांधा आधी बांधून घेतला. भिंत ओली असता तिला रंग देणे म्हणजे ओल झाकणे होय. तैलरंग तर मुळीच देऊ नये. त्याच्या थराखाली ओल अडकते आणि पापुद्रे सुटतात. मी भिंत आठ दिवस पंख्याच्या वाऱ्याने वाळू दिली, बुरशी ओल्या फडक्याने पुसून काढली, म्हणजे तिची पूड हवेत उडत नाही, आणि मग चुन्याचे दोन हात दिले. चुना स्वस्त असतो, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या क्षारधर्मामुळे बुरशीला तेथे चटकन मूळ धरता येत नाही. चुना कालवताना आणि लावताना डोळे व हात मात्र सांभाळावेत.

तिसरे काम वाऱ्याचे, म्हणजे काकूंच्या प्रश्नाचे. दाराच्या खालच्या आणि वरच्या बाजूला सुताराकडून एकेक लांबट झरोका कापून घेतला आणि त्यांवर बारीक जाळी मारली. झरोके दोन लागतात. एकच ठेवला तर हवा आत शिरते, पण वाहत नाही. मग वरच्या अखंड फळ्या काढल्या आणि जुन्या पलंगाच्या पट्ट्या, मध्ये दोन बोटांची फट सोडून, ठोकून घेतल्या. या फळ्या भिंतीला टेकविल्या नाहीत. मागे चार बोटे जागा सोडली. यंत्रही भिंतीपासून तेवढेच पुढे ओढले. धुणे झाल्यावर यंत्राचे झाकण आतला ओलावा जाईपर्यंत उघडे ठेवतो. घरात लहान मूल असेल त्यांनी मात्र झाकण उघडे असताना तेथे लक्ष ठेवावे.

ओल आहे की नाही हे कळावे कसे? आर्द्रता मोजण्याची छोटी यंत्रे बाजारात मिळतात. मी वाटीभर जाडे मीठ ठेवते. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की पाझरू लागते. जाडे मीठ त्याच्याही थोडे आधीच ओलावते, म्हणजे इशारा वेळेवर मिळतो. वाटीत पाणी दिसले की त्या दिवशी फडताळाचे दार उघडे टाकून समोर तासभर पंखा लावावयाचा. पूर्वी काही घरांत पावसाळ्यात कपाटात चाळीसचा दिवा पेटता ठेवीत. त्याच्या उबेने हवा कोरडी राही. आजच्या एलईडी दिव्याला तशी ऊब नसते. आणि कपड्यांजवळ तापणारा दिवा ठेवणे धोक्याचेच आहे, तेव्हा त्या जुन्या युक्तीचा मोह धरू नये.

चौथे काम मांडणीचे. येथे मी एक साधा नियम पाळला. कपड्याचा जो प्रवास असतो त्याच क्रमाने जागा असाव्यात. कपडा अंगावरून निघतो, मळक्यात जातो, भिजतो, धुतला जातो, वाळतो, त्याची घडी होते आणि तो आपल्या कपाटात परत जातो. आमच्याकडे मळके आणि वाळलेले एकाच टोपलीत जात. त्यामुळे कितीतरी स्वच्छ कपडे दुसऱ्यांदा धुतले जात असतील. आता भोकांच्या तीन टोपल्या आहेत. एक पांढऱ्यांची, एक रंगीतांची आणि एक वाळलेल्या पण घडी व्हावयाच्या कपड्यांची. मुद्दाम वेताच्या घेतल्या नाहीत, कारण या हवेत वेतालाही बुरशी येते. घामाने ओला झालेला कपडा सरळ टोपलीत टाकावयाचा नाही. त्यासाठी दाराच्या आतल्या बाजूस चार खुंट्या मारल्या. तेथे तो सुकतो आणि मग टोपलीत जातो. वरच्या दोन फळ्यांमध्ये आडवी दांडी बसविली. पावसाळ्यात इस्त्रीआधीचे शर्ट तेथे लटकतात.

औषधी वस्तूंबद्दल थोडे कडक बोलते. विरंजक द्रव आणि संडास धुण्याचे आम्ल ही शेजारी ठेवू नयेत. दोन्ही मिसळली तर विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही मुलांच्या हाती लागणार नाहीत इतक्या उंचीवर, वेगवेगळ्या डब्यांत असावीत. शीतपेयाच्या जुन्या बाटलीत तर काहीच भरून ठेवू नये. आणि डांबरगोळ्या! नवजात बालकाच्या दुपट्यांत त्या कधीही ठेवू नका. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो. त्यांना त्या गोळ्यांच्या वाफेनेही रक्तक्षय आणि कावीळ होऊ शकते.

आमच्या इमारतीला कूपनलिकेचे पाणी येते. त्यात लोह असल्याने पांढरे कपडे पिवळे पडत, आणि मी त्यावर विरंजक द्रव ओतीत असे. त्याने पिवळेपणा वाढतो, कारण त्या पाण्यातले लोह अधिकच गंजासारखे होऊन धाग्यावर बसते. पाणी रात्रभर बादलीत ठेवावे, सकाळी वरचे निवळ घ्यावे आणि तळचा तांबूस गाळ फरशीला वापरावा. एवढ्याने पुष्कळ काम होते. तांबूस डाग पडलाच तर लिंबाचा रस लावून, थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुवावा.

आता ज्या बाईंच्या हाती या फडताळाची खरी सत्ता आहे, त्यांच्याविषयी सांगते. आमच्याकडे धुणे-भांड्यांना येणाऱ्या बाईंना आम्ही बंगाली रीतीने ‘माशी’ म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हा मावशीसाठी हा शब्द ऐकून मला हसू आवरत नसे. पुढे ते संबोधन अंगवळणी पडले. हे सगळे काम चालू असता माशींना मी विचारले, ‘‘आणखी काय हवे?’’ त्या म्हणाल्या, ‘‘दिवा. आणि बसायला काहीतरी.’’ बारा वर्षे त्या अंधारात वाकून माझ्या घरचे डाग शोधीत होत्या, हे मला ठाऊकच नव्हते. कारण फडताळात मी कपडे टाकावयास जात असे, काम करावयास नव्हे. एक दिवा लावला, घरातला एक जुना पाट त्याला पाये ठोकून दिला आणि साबणाची फळी त्यांच्या हाताच्या उंचीवर आणली. या साऱ्या खटाटोपात सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत आधी व्हावयास हवी होती अशी सुधारणा हीच.

माशींनी मलाही दोन गोष्टी शिकविल्या. येथल्या घरांत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि काळे जिरे, म्हणजे आपले कलौंजी, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपड्यांत ठेवण्याची रीत आहे. दुसरी रीत भाद्र महिन्याच्या उन्हाची. पावसाची उघडीप मिळाली की येथे जुन्या घरांच्या गच्च्यांवर ट्रंकांतले कपडे, लोकरी शाली, बनारसी साड्या आणि पुस्तकेसुद्धा बाहेर येतात. दुर्गापूजेच्या आधी घरातल्या साऱ्या कापडाला ऊन दाखवावयाचे. हे दृश्य मी कित्येक वर्षे पाहिले होते आणि ‘यांची साफसफाई चालली आहे’ एवढेच मनात म्हटले होते. शेजारच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले या हवेचे शहाणपण माझ्या खिडकीतून दिसत होते, आणि मी सोलापूरच्या ट्रंकेचे कुलूप घट्ट करीत बसले होते.

आता जपून ठेवावयाच्या कपड्यांविषयी. सुती आणि लोकरी कपडे उन्हात चालतात. रेशीम सावलीतच वाऱ्यावर टाकावे, कारण कडक उन्हाने त्याचा रंग विटतो आणि धागा दुबळा होतो. खळ घातलेले कपडे तसेच ठेवून देऊ नयेत. खळ हे बुरशीचे आणि कसरीचे अन्नच. ती धुऊन काढावी आणि नेसावयाच्या वेळी पुन्हा द्यावी. लोकरीचे कपडे घामाच्या डागांसह ठेवले तर कसर आधी तेथेच लागते. जरीचे वस्त्र प्लास्टिकमध्ये कधी ठेवू नये. धुतलेल्या, खळ नसलेल्या जुन्या मऊ सुती कापडात ते गुंडाळावे आणि दर तीन महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे एकाच रेषेवर रेशीम तुटत नाही. लोखंडी ट्रंक असेल तर तिला आतून जाड सुती कापडाचे अस्तर द्यावे. आणि मोलाचे वस्त्र धुण्याच्या फडताळात मुळीच ठेवू नये. ते घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीत असावे. शालू हरवून मी हा शेवटचा नियम शिकले.

हिशेब देते, कारण हिशेबाशिवाय काटकसरीचे भाषण कोणी खरे मानीत नाही. चुना आणि कुंचला १७० रुपये. सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी ५०० रुपये. जाळी २१० रुपये. खुंट्या, दांडी आणि खिळे १५० रुपये. तीन टोपल्या ३६० रुपये. दिवा ९० रुपये. एकूण १४८० रुपये. नळाचा सांधा यजमानांनी स्वतः बांधला. त्याची मजुरी म्हणून त्यांनी दोन वेळा चहा घेतला, तो या हिशेबात धरलेला नाही. पंधराशेतले उरलेले वीस रुपये मिठाला आणि पुरचुंडीतल्या कलौंजीला गेले.

भगिनींनो, घर आवरण्याच्या गोष्टी आपणा सर्वांना येतात. तेव्हा मी आज नवे काही सांगितले असे मानीत नाही. मला एवढेच सुचवावयाचे आहे की, आपण परमुलखात राहणारी माणसे आपल्या रीती फार प्रेमाने जपतो आणि ते योग्यच आहे. परंतु जपण्याची रीतही त्या मुलखाला धरून असावी लागते. आपली गोधडी आणि येथली कांथा या दोन्ही जुन्या लुगड्यांच्या आणि साड्यांच्या थरांवर धावदोरा घालून शिवलेल्या आहेत. दोन्हींत घरातल्या बायांची जुनी वस्त्रे आहेत. परंतु माझी गोधडी येथे टिकवावयाची असेल, तर ती मला कांथेसारखी सांभाळावी लागेल. भाद्रपदात तिला ऊन दाखवावे लागेल. तिला घट्ट बांधून, डोळ्यांआड करून ती टिकणार नाही.

याच अनुषंगाने मंडळापुढे एक विनंती आहे. आपल्या कार्यालयातल्या दोन लोखंडी कपाटांत नाटकांचे पोशाख, पडदे, जुनी हस्तलिखिते आणि पन्नास वर्षांची छायाचित्रे आहेत. ती कपाटे भिंतीला चिकटून उभी आहेत आणि त्यांना कुलूप आहे. गेल्या महिन्यात मी किल्ली मागून एक कपाट उघडले. तो वास मला ओळखीचा होता. अजून फारसे काही गेलेले नाही, पण आणखी दोन पावसाळे ते तसेच राहिले तर जाईल. माझी सूचना अशी की, कपाटे चार बोटे पुढे ओढावीत, आत मिठाची वाटी ठेवावी आणि गणेशोत्सवाच्या सुमारास, पावसाची उघडीप पाहून, दरवर्षी एक रविवार ‘ऊन दाखविण्याचा’ म्हणून ठरवावा. पोशाख आणि पडदे गच्चीवर, हस्तलिखिते आणि छायाचित्रे सावलीत पंख्याखाली. कोणत्या वस्तूला कधी वारा दिला, याची एक नोंदवही ठेवावी. पहिल्या वर्षी ती लिहिण्याचे काम मी पत्करते. ज्या घरी मंडळाची वस्तू सांभाळावयास जाईल, त्या घरी सांभाळण्याच्या या चार ओळी लिहून द्याव्यात. मला तशा कोणी दिल्या नव्हत्या, आणि मीही विचारल्या नव्हत्या.

शालूचे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. पदर आणि मधला भाग गेला. एका बाजूचा काठ आणि त्यालगतचे वीतभर रेशीम सुमारे दोन हात लांबीपर्यंत शाबूत आहे. मी ते सुती कापडावर टाचून घेतले आहे. यंदाच्या गणेशोत्सवात मखरामागे नवे कापडच राहील, परंतु चौरंगावर, मूर्तीखाली, हा तुकडा अंथरावा असे काकूंना मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘अंथर. पण विसर्जनानंतर तो कुणाकडं राहणार?’’

मी म्हटले, ‘‘तुमची परवानगी असेल तर माझ्याकडे.’’

काकूंनी अजून होय म्हटलेले नाही. पावसाळा संपेपर्यंत फडताळ कसे राहते ते पाहू, असे त्या म्हणाल्या आहेत. मला त्यांचा हा निर्णय मान्य आहे.